रमाबाईंची पत्रं: राखली कुणी, वाचायची कशी

शिरूरहून केडगावला निघालं की न्हावरे मागे पडतं आणि पुढे भीमा लागते. पूल ओलांडून पारगावात उतरलं की दौंड तालुका. दोन्ही काठांना ऊस, दोन्हीकडे भाषा एकच, तरी नदीच्या अलीकडचे आम्ही शिरूरकर पलीकडच्या केडगावला ‘रमाबाईंचं केडगाव’ म्हणतो. पुणे-दौंड लोहमार्गावरचं हे स्टेशन, आणि तिथं पंडिता रमाबाईंनी उभारलेलं मुक्ती मिशन. 1897 साली पुण्यात प्लेग होता. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या मुलींना शहरात ठेवू देईनात, तेव्हा रमाबाईंनी त्यांना इथल्या माळावर आणलं. विहिरी खोदल्या, झाडं लावली, छापखाना घातला. 5 एप्रिल 1922 रोजी त्या इथंच वारल्या.

केडगाव म्हटलं की आपल्यासमोर येतात त्या पांढऱ्या वस्त्रातल्या, वयस्क, शांत रमाबाई. पण विशी-पंचविशीतली, भांडणारी, रुसणारी, लेकीसाठी कासावीस होणारी एक रमाबाई आहे. ती पुतळ्यात नाही आणि शाळेच्या धड्यातही नाही. ती पत्रांत आहे. ती पत्रं आपल्यापर्यंत आली कशी आणि ती वाचताना हात कुठे धरायचा, कुठे सोडायचा, हे सावकाश सांगायचं म्हणून हा लेख.

पत्रव्यवहार ही चीज कशी चालते, हे मला घरातल्या तारेनं शिकवलं. माजघराच्या कोपऱ्यात एक वाकवलेली तार टांगलेली असायची. खाली लाकडाची चकती, वर आकडा. आलेलं प्रत्येक कार्ड, प्रत्येक आंतरदेशीय त्या तारेत ओवलं जाई. वडील ओवण्याआधी वरच्या कोपऱ्यात ‘उ. दिले’ असं लिहून तारीख घालत. शाळकरी वयात मी ती तार उतरवून सगळी पत्रं वाचली. मामाची होती, आत्याची होती, पुण्याच्या चुलत्यांची होती. आईचं मात्र एकही नव्हतं, आणि आई तर दर पंधरवड्याला मामाला लिहायची. तेव्हा कळलं, की तारेत आलेली पत्रं राहतात, गेलेली नाहीत. आईचं मन वाचायचं तर मामाच्या घरची तार उतरवायला हवी.

साऱ्या पत्रसंग्रहांचा हा पाया आहे. माणसाची पत्रं त्याच्या घरात सापडत नाहीत. ज्याला लिहिली त्याच्या घरी ती उरतात, आणि तीही त्यानं राखली तरच. म्हणजे लिहिणारा कितीही थोर असला तरी त्याच्या खासगी आयुष्याचा किती भाग आपल्यापुढे येणार, हे ठरवणारा हात दुसऱ्याचा असतो.

रमाबाई इंग्लंडला जाण्याच्या काही दशकं आधीच तिथल्या कादंबरीकारांच्या पत्रांवरून हे नाट्य घडून गेलं होतं. चार्ल्स डिकन्सनं 1860 च्या सप्टेंबरात आपल्या गॅड्स हिलच्या घरामागे शेकोटी पेटवली आणि वीस वर्षांत आलेली पत्रं टोपल्या भरभरून तिच्यात ओतली. त्याला पत्र लिहिणाऱ्या मोठमोठ्या माणसांची अक्षरं त्या दिवशी राख झाली. त्यानं लिहिलेली पत्रं मात्र उरली, हजारोंनी उरली, कारण ती दुसऱ्यांच्या घरांत होती. शार्लट ब्राँटीचं उलट झालं. तिच्या नवऱ्याला पत्रातला मोकळेपणा धोक्याचा वाटला. तिची मैत्रीण एलन नसी हिनं पत्रं वाचून जाळावीत, अशी अट त्यानं 1854 मध्ये घातली. एलननं ती अट पाळली नाही. तिनं जपलेल्या शेकडो पत्रांवरच तीन वर्षांनी एलिझाबेथ गास्केलनं ब्राँटीचं चरित्र उभं केलं. ब्राँटीनं ब्रसेल्सच्या आपल्या गुरुजींना, एजे यांना लिहिलेली चार पत्रं तर आणखी चमत्कारिक वाटेनं टिकली. त्यातली बहुतेक गुरुजींनी फाडून टाकली होती, त्यांच्या बायकोनं कचऱ्यातून तुकडे वेचून ती सांधून ठेवली. 1913 मध्ये ती छापून आली तेव्हा लिहिणारी जाऊन अठ्ठावन्न वर्षं झाली होती.

रमाबाईंच्या वाट्याला एक एलन नसी आली. तिचं नाव सिस्टर जेराल्डीन.

आधी ही पत्रं लिहावी का लागली, ते पाहू. 1858 मध्ये पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जन्मलेली ही मुलगी. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष सोसावा लागला, आणि त्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, मुलीला शिकवलं. 1874 च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायी भटकत रमाबाई कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं. 1880 मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी या वकिलाशी लग्न, 1881 च्या एप्रिलात मनोरमा झाली, आणि 1882 च्या फेब्रुवारीत पटकीनं नवराही गेला. चोविसाव्या वर्षी कडेवर मूल घेऊन त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली. त्या पुस्तकाच्या पैशातून 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं. कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत होतं, त्यामुळे वैद्यकीचा नाद सोडावा लागला.

इंग्लंडात त्या उतरल्या वाँटेज नावाच्या छोट्या गावी, सेंट मेरी द व्हर्जिन या संघाच्या मठात. पुण्यात पंचहौदापाशी काम करणाऱ्या जोगिणी याच संघाच्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी तिथं त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्यांची आत्मिक काळजी ज्यांच्याकडे सोपवली त्या सिस्टर जेराल्डीन. पुढच्या वर्षी रमाबाई चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथं शिकायचं आणि संस्कृत शिकवायचं. प्राचार्या डोरोथिया बील, करारी आणि मोकळ्या मनाच्या. तीन-चार वर्षांची मनोरमा मात्र बरीचशी वाँटेजलाच राहिली.

म्हणजे आई एका गावी, लेक दुसऱ्या गावी, आणि लेकीला सांभाळणारी बाईच आईची गुरू. या त्रिकोणातून पत्रं निघाली. एकत्र राहिल्या असत्या तर जे जेवणाच्या टेबलावर बोलून संपलं असतं, ते कागदावर उतरलं. विरह नसेल तर पत्र नाही, ही साधी गोष्ट पत्रसंग्रह वाचताना आपण विसरतो. संग्रहातल्या मोकळ्या जागा बहुतेक वेळा भांडणाच्या नसतात. त्या काळात माणसं एकमेकांजवळ असतात, म्हणून कागद कोरा राहतो.

दुसरी गोष्ट टपालाची. इंग्लंडात 1840 पासून एका पेनीत पत्र देशभर कुठेही जात होतं, आणि दिवसातून अनेकदा वाटप होई. चेल्टनमला संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी वाँटेजला. उत्तर परवा हातात. या वेगामुळे वाद तापलेला राहतो. राग निवायच्या आत उत्तर येतं, आणि उत्तरातला एखादा शब्द पुन्हा निखारा फुलवतो. 1885 मधली पत्रं इतकी धारदार का, याचं एक कारण मला या टपालात दिसतं. हिंदुस्थानात परतल्यावर मात्र विलायतेचं टपाल आगबोटीनं. जायला सुमारे तीन आठवडे, उत्तर यायला तेवढेच. दीड महिन्यात माणूस निवतो. पुढच्या काळातल्या पत्रांचा सूर मवाळ झालेला वाटतो तो फक्त वयामुळे नसावा.

आता राखणाऱ्या हाताकडे वळू. सिस्टर जेराल्डीन यांनी रमाबाईंची पत्रं जपली आणि उतारवयात त्यांची संगती लावली, नकला केल्या, जागोजाग आपलं निवेदन जोडलं. हे हस्तलिखित बरीच वर्षं तसंच राहिलं. 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं ते इंग्रजीत पुस्तकरूपानं छापलं. तेव्हा मंडळाचे अध्यक्ष होते वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, आणि संपादन केलं अ. भि. शहा यांनी, म्हणजे इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक, हमीद दलवाईंचे स्नेही. एका ख्रिस्ती जोगिणीनं जुळवलेला ठेवा एका कट्टर इहवाद्यानं संपादित केला, आणि शास्त्रीबुवांच्या मंडळानं छापला. महाराष्ट्रात असं घडू शकलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

या पुस्तकात काय काय आहे, हे आधी नीट वेगळं करावं लागतं. एक, रमाबाईंनी लिहिलेली पत्रं. दोन, त्यांना आलेली. आणि तिसरा ढीग असा, की ज्यात रमाबाई लिहिणाऱ्याही नाहीत आणि वाचणाऱ्याही नाहीत. त्यांच्याबद्दल इतरांनी आपसात लिहिलेली पत्रं. मठातल्या बाई प्राचार्यांना लिहितात, प्राचार्या बिशपांना लिहितात, बिशप आपलं मत कळवतात. रमाबाईंनी काय शिकवावं, कुणाला शिकवावं, त्यांच्या मनात कुठली शंका वाढते आहे, यावर मोठी माणसं त्यांच्या पाठीमागे खल करत होती. आज पुस्तक उघडणाऱ्याला हे सगळे ढीग एका तारेत ओवलेले मिळतात. त्यामुळे 1885 मधल्या रमाबाईंना जे ठाऊक नव्हतं ते आपल्याला ठाऊक असतं, आणि त्यांचं एखादं वाक्य उगाच चिडकं वाटलं तर तेवढं लक्षात ठेवायला हवं. खोलीत कुजबूज चालली आहे हे ज्याला जाणवतं, पण शब्द ऐकू येत नाहीत, त्याचा स्वर असाच असतो. आणि या बाईला तर खरोखरच कमी ऐकू येत होतं.

चौथा थर जेराल्डीनबाईंच्या निवेदनाचा. तो पत्रांच्या बरोबरीनं छापलेला असतो, म्हणून पत्राइतकाच त्या दिवसाचा वाटतो. तसा तो नाही. पत्र 1885 मधलं, निवेदन कित्येक वर्षांनंतरचं. मधल्या काळात रमाबाई अमेरिकेला गेल्या, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ लिहून नावारूपाला आल्या, विधवांसाठी शारदा सदन काढलं, मुक्ती उभी केली. जी शिष्या हाताबाहेर गेली असं वाटलं होतं ती जगप्रसिद्ध झाली. अशा वेळी मागे वळून लिहिणारं माणूस स्वतःची बाजूही मांडत असतं. म्हणून मी वाचताना एक साधी शिस्त पाळतो. आधी पत्र वाचायचं, निवेदनावर हात ठेवून. मग हात काढायचा. आधी निवेदन वाचलं की पत्रात तेच दिसायला लागतं.

आता एखादं पत्र प्रत्यक्ष उलगडून पाहू. पत्राचं पहिलं अंग म्हणजे मायना. आपल्याकडे मायन्यावरून नातं कळतं. ‘ती. स्व.’ की ‘चि.’, ‘सा. न. वि. वि.’ की ‘अ. उ. आ.’ हे पाहिलं की मजकूर वाचायच्या आधीच माणसं कुठे उभी आहेत ते दिसतं. रमाबाई इंग्रजीत लिहीत होत्या. ही भाषा त्या 1882 मध्ये पुण्यात शिकायला लागल्या होत्या. पण मायन्यात इंग्रजी अक्षरांत एक मराठी शब्द येतो, ‘आजीबाई’. जेराल्डीन या मनोरमेच्या आजीच्या जागी, म्हणून रमाबाईंच्याही आजीबाई. मठाच्या नियमानं त्या ‘सिस्टर’, गुरू म्हणून ‘मदर’च्या जागी. रमाबाईंनी दोन्ही बाजूला ठेवून आपल्या ओसरीवरचं नातं लावलं. आजीशी माणूस भांडू शकतं, आजीवर रुसता येतं, आजीला वेडंवाकडं बोलून संध्याकाळी तिच्याच मांडीवर डोकं ठेवता येतं. गुरूशी असं करता येत नाही. ‘आजीबाई’ या एका शब्दानं पुढच्या सगळ्या मजकुराला परवानगी काढून ठेवली आहे, असं मला वाटतं. शेवटी सही येते ती बाप्तिस्म्याच्या नावाची, मेरी रमा. वर आजी, खाली मेरी. मधल्या चार पानांत या दोन टोकांची ओढाताण.

एक प्रसंग क्रूसाचा आहे. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन शब्द कोरलेले असावेत असं मठाचं म्हणणं. रमाबाईंनी चेल्टनमहून लिहिलं, की लॅटिन मला कळत नाही, माझ्या देशातल्या लोकांनाही कळत नाही, क्रूस घालायचाच तर त्यावर संस्कृत अक्षरं हवीत. इथवर वाचून आपण म्हणू, शास्त्र्याची मुलगी, संस्कृतचा अभिमान असणारच. पण त्या पुढे कारण देतात ते नीट वाचावं लागतं. संस्कृत पवित्र आहे, देवांची भाषा आहे, म्हणून आपण तिला धरून राहत नाही, असं त्या आवर्जून सांगतात. ती आपल्या देशाची सर्वांत जुनी आणि सुंदर भाषा आहे म्हणून. एका फटक्यात दोन पुरोहितशाह्या बाजूला. लॅटिनला पावित्र्य देणारी तिकडची, आणि संस्कृतला पावित्र्य देणारी इकडची. पत्र वरवर दागिन्यावरच्या अक्षरांबद्दल आहे. आतून ते बाप्तिस्मा घेऊन माणूस आपला देश सोडतो का, या प्रश्नाचं उत्तर आहे. पत्रात बारीक कारणावरून मोठा वाद झालेला दिसला की तिथं थांबावं, कारण मोठा प्रश्न सरळ विचारायची सोय नसते तेव्हा तो क्रूसावर, कपड्यावर, ताटावर उतरतो.

ताटावर तर तो फार उतरला. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगही नको म्हणायच्या. मठाला यात जातीचा अहंकार दिसला. ख्रिस्ती झाल्यावर हे सोवळं कशाला? रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा, की हवा तर माझा गर्व खाण्यापिण्यात शोधा, बुटा-मोज्यांत शोधा, रोज जाळलेल्या कोळशातही शोधा. मला हिंदू म्हणवून घ्यायला आवडतं, कारण मी ती आहे, आणि ज्यानं कुणाचं वाईट होत नाही त्या पूर्वजांच्या चाली मी पाळणार. शिवाय एक उलट प्रश्न आहे. एखादी इंग्रज बाई हिंदूंमध्ये येऊन राहिली आणि तिनं आपल्या सवयी बदलल्या नाहीत, तर तिला कुणी गर्विष्ठ म्हटलेलं तिला आवडेल का?

या वाक्यात ‘हिंदू’ हा शब्द कुठल्या अर्थानं आला आहे, ते पाहणं महत्त्वाचं. बाप्तिस्मा झालेली बाई स्वतःला हिंदू म्हणते आहे. इथं तो धर्माचा शब्द नाही, मुलखाचा आहे, माणसांचा आहे. आजच्या अर्थानं तो वाचला तर पत्र उलटं होतं. जुनी पत्रं वाचताना शब्दाला आजची किंमत लावू नये. त्या माणसाच्या त्या महिन्यातली किंमत विचारावी, आणि ती त्याच्याच दुसऱ्या पत्रांतून काढावी.

यानंतरची गोष्ट तारखांची. संग्रह वाचताना हाताशी कोरा कागद ठेवावा आणि डावीकडे फक्त तारखा लिहीत जावं. 1885 च्या मे महिन्यात दोन तारखा जवळजवळ येतात. 8 मे रोजी रमाबाई बीलबाईंना लिहितात, 12 मे रोजी जेराल्डीनबाईंना. मूळ भांडण एकच आहे. रमाबाईंनी तरुण पुरुषांना शिकवावं असा विचार निघाला होता, आणि हिंदुस्थानातल्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवणं तिच्या देशात शोभणार नाही, तिचं पुढचं काम त्यानं बिघडेल, असा त्यांचा सूर. बीलबाईंना लिहिताना रमाबाई या हरकतीचं नवल करतात. माझ्या आईनं शिकवलं, मी शिकवलं, वडिलांनी हरकत घेतली नाही, नवऱ्यानंही नाही, मग हे इंग्रज लोक का घेतात? कर्मठ म्हणून ज्या समाजाकडे बोट दाखवलं जातं, त्यातल्याच एका घराचा दाखला त्या देतात. स्वर शांत आहे. त्या एका शिक्षिकेशी शिक्षणाबद्दल बोलत आहेत.

चारच दिवसांनी जेराल्डीनबाईंना लिहिलेल्या पत्रात तीच ठिणगी भडकलेली दिसते. आपल्याला विवेक आहे, मन आहे, निवाडा करायची शक्ती आहे, असं त्या ठणकावतात. हिंदुस्थानातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता पाद्र्यांकडून येणारी प्रत्येक गोष्ट परमेश्वराची आज्ञा समजून दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान द्यायची माझी तयारी नाही, हा त्याचा मथितार्थ. हे पत्र आज फार उद्धृत होतं, आणि बहुधा एकटंच. एकटं वाचलं तर ती घोषणा वाटते. 8 मेच्या पत्राच्या शेजारी ठेवलं की कळतं, हे घरातलं बोलणं आहे. परक्याशी माणूस मोजून बोलतं. जिच्यापुढे बंधनही आहे आणि मायाही आहे तिच्यापुढे फुटतं. इतकं कडक पत्र रमाबाई आजीबाईंनाच लिहू शकल्या, आणि आजीबाईंनी ते फाडलं नाही. डिकन्सच्या शेकोटीची आठवण ठेवून मला हे फार मोठं वाटतं. स्वतःवर उगारलेलं पत्र जपणं सोपं नाही. जेराल्डीनबाईंच्या निवेदनाशी माझं कितीही वाकडं असलं तरी या एका गोष्टीसाठी मी त्यांचा ऋणी आहे.

सगळ्यांत नाजूक पत्रं मनोरमेबद्दलची. मुलीला कुठली श्रद्धा शिकवायची, किती शिकवायची, कुणी शिकवायची? रमाबाईंच्या स्वतःच्या मनात त्रैक्याच्या तत्त्वाबद्दल, चर्चच्या श्रद्धासूत्राबद्दल शंका होत्या. जे आपल्या बुद्धीला अजून पटलेलं नाही ते लेकीकडून पाठ करून घेतलं जावं, हे त्यांना खपेना. मठाला वाटे, आई डळमळते आहे, निदान लेकरू तरी सुरक्षित राहावं. दोघींचंही प्रेम खरं आहे, म्हणून ही पत्रं वाचवत नाहीत. इथं वाचकानं निवाडा करायची घाई करू नये. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पूर्ण आईच्या बाजूनं वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की मुलीचे बूट, मुलीचा खोकला, मुलीची झोप यांची रोजची काळजी ज्या बाईनं वाहिली तिलाही तिथं काही हक्क वाटत असणार.

1886 मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचं, 11 मार्च 1886, फिलाडेल्फिया. पुढे मनोरमेला पुन्हा वाँटेजला धाडून त्या अमेरिकाभर फिरल्या, व्याख्यानं दिली, बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. मग हिंदुस्थानात परतायची वेळ आली तेव्हा आजीबाईंशी पुन्हा तोच विषय. मुलगी इंग्लंडात वाढावी की आईबरोबर यावी? रमाबाईंचं म्हणणं असं, की ती आपल्या लोकांत वाढली पाहिजे. आपण हिंदुस्थानच्या लेकी आहोत हे सांगताना तिला लाज वाटता कामा नये, आपल्या माणसांहून ती स्वतःला वरची समजता कामा नये.

आता खासगी पत्राशेजारी जाहीर लेखन ठेवून पाहणं, हा वाचण्यातला आणखी एक भाग. सुदैवानं रमाबाईंच्या बाबतीत दोन्ही आहे. 1883 मध्ये इंग्लंडला पोचल्यावर त्यांनी प्रार्थना समाजाच्या सदाशिव पांडुरंग केळकरांना मराठीत लांब पत्र लिहिलं. ते त्याच वर्षी ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून छापलं गेलं. पत्रच, पण छापायला योग्य असं. त्यात बोट आहे, समुद्र आहे, नवा देश आहे. मनाची उलथापालथ तिथं शोधू नये. त्याच वर्षी त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजला आत्महत्या केली, आणि त्यानंतर थोड्याच काळात रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. या दोन घटनांमधल्या दिवसांत त्यांच्यावर काय गुदरलं असेल, ते कुठल्याही जाहीर लेखनानं पेलण्यासारखं नव्हतं. नंतर 1907 मध्ये केडगावहून ‘माझी साक्ष’ निघाली. ती श्रद्धा स्थिर झालेल्या बाईची कथा आहे, सगळी वळणं एका मुक्कामाकडे नेणारी. पत्रांतल्या बाईला तो मुक्काम ठाऊक नाही. 12 मे 1885 ला 13 मे कसा उगवणार, हे तिला माहीत नाही. आत्मचरित्र आणि पत्र यांत मला हाच मोठा फरक दिसतो, आणि म्हणून दोन्हींत विसंगती आढळली तर एकाला खोटं ठरवू नये.

पत्रांतून चरित्र रचण्याची ही रीत मराठीला परकी नव्हती. काशीबाई कानिटकरांनी 1889 मध्ये आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं तेव्हा आनंदीबाईंची पत्रंच हाताशी घेतली होती. रमाबाईंच्या बाबतीत हे काम फार उशिरा झालं. 1893 मध्ये शारदा सदनातल्या धर्मांतरावरून पुण्यात वादळ उठलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’नं झोड उठवली, आणि महाराष्ट्रानं ही बाई मनातून काढून टाकली. ज्या पत्रांत ती पाद्र्यांना जोखड म्हणत होती ती तेव्हा वाँटेजच्या मठात होती. ती पुण्याच्या लोकांपुढे असती तर वाद थांबला असता असं मी म्हणत नाही. पण ‘पाद्र्यांच्या हातातलं बाहुलं’ हे म्हणणं इतक्या सहज खपलं नसतं. अलीकडे मीरा कोसंबी यांनी रमाबाईंचं लेखन आणि पत्रं पुन्हा पुन्हा मांडून हा समज बराच पुसला.

केडगावच्या काळातली पत्रं वाचायची तर टपालातला आणखी एक बदल ध्यानात घ्यावा. 25 डिसेंबर 1898 पासून साम्राज्यभर स्वस्त टपाल सुरू झालं आणि हिंदुस्थानातून विलायतेला एका आण्यात पत्र जाऊ लागलं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केडगावच्या मुक्ती सदनाचं रीतसर समर्पण झालं होतं. लवकरच 1900 चा दुष्काळ आला आणि मुलींचा आकडा दोन हजारांच्या घरात गेला. एवढा संसार चालवणारी बाई लांब पत्रं लिहीत नाही. पुढे ‘मुक्ती प्रेयर बेल’ या नियतकालिकातून जगभरच्या हितचिंतकांना एकदमच खुशाली कळवली जाऊ लागली. खासगी पत्राची जागा छापील पत्रानं घेतली. चेल्टनमच्या पत्रांत जी धग होती ती इथं शोधत बसलो तर निराशा पदरी येते. इथं विहिरीचं पाणी, धान्य, आजारपण, आलेले पैसे आणि प्रार्थना आहे. पण चेल्टनमची पत्रं वाचून मग हे वाचलं, की ‘मी कुणाचं जोखड घेणार नाही’ म्हणणाऱ्या बाईनं स्वतःच्या माळावर, स्वतःच्या छापखान्यात, हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतःच बायबलचं मराठी भाषांतर का करायला घेतलं, ते उमगतं. लॅटिन अक्षरांचा क्रूस नको म्हणणाऱ्या मेरी रमेचंच ते पुढचं काम आहे. खिळे जुळवायला बसल्या होत्या दुष्काळातून आलेल्या मुली.

मनोरमा अमेरिकेत शिकून परतली आणि आईच्या कामात उभी राहिली. 24 जुलै 1921 रोजी ती मिरजेला वारली. आईला आणखी साडेआठ महिने मिळाले. जिच्यासाठी चेल्टनम आणि वाँटेजच्या मध्ये इतका कागद खर्ची पडला, ती ‘मनो’ आपल्याच लोकांत वाढली आणि राबली, दौंड तालुक्यातल्या त्या माळावर. भीमेच्या पुलावरून परतताना मी दरवेळी पारगावशी थांबतो. खाली पाणी असलं तर शिरूरच्या अंगाला बघतो आणि मनातल्या मनात तो मायना म्हणून पाहतो, डिअर ओल्ड आजीबाई.